सातपैकी तीन खुणा : नववीतल्या एका मुलाच्या एकाग्रतेचं प्रकरण

पहिली घटक चाचणी झाल्यावर शिक्षक खोलीत त्याचं नाव निघालं. पाच विषयांच्या पाच शिक्षकांचं म्हणणं एका ओळीत मावत होतं : वर्गात लक्ष नाही. गणितात त्याला २० पैकी ५ गुण होते. मी त्याची वर्गशिक्षिका, आणि गणितही मीच शिकवते. प्रगतिपुस्तकात शेरा लिहायला बसले तेव्हा माझ्याही पेनातून तेच उतरलं, ‘अभ्यासात लक्ष द्यावे.’ लिहून झाल्यावर वाटलं, हे वाचून घरच्यांनी नक्की करायचं काय? खोकला झालेल्याला ‘खोकू नये’ सांगावं, तसलाच तो शेरा.

गाव इचलकरंजी. इथं १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. आता गल्लीत शिरलं की मागांचा खडखडाट आधी कानावर येतो आणि घरं मग दिसतात. मुलाचे वडील मागावर कामाला आहेत, आई एका कारखान्यात कांड्या भरते, म्हणजे मागासाठी नळ्यांवर धागा गुंडाळते. घरी आजी आणि एक धाकटी बहीण. मुलगा १४ वर्षांचा, स्वभावानं गरीब. वर्गात दंगा करत नाही, उलट बोलत नाही, आणि हीच अडचण होती. दंगा करणाऱ्याकडं शिक्षक दिवसातून दहा वेळा बघतात. हा खिडकीशेजारी गप्प बसायचा. आठवीपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. मधलाच, पण बरा मुलगा होता.

पहिला उपाय मी सगळे करतात तोच केला. त्याला मागच्या बाकावरून उचलून दुसऱ्या बाकावर आणलं. दोन आठवड्यांत फरक एवढाच पडला की तो आधी खिडकीबाहेर बघायचा, आता फळ्याकडं बघायला लागला. डोळे फळ्यावर आणि वही कोरी. शिवाय पोरांनी त्याला ‘व्हीआयपी’ म्हणायला सुरुवात केली. मग मी त्याला परत जागेवर पाठवलं.

खुणांची वही

लक्ष नाही, हे आम्ही सगळे अंदाजानं म्हणत होतो. नेमकं कधी नाही, कुठल्या तासाला, तासाच्या कितव्या मिनिटाला, हे कुणालाच सांगता आलं नसतं. म्हणून एक वही घातली. माझ्या रिकाम्या तासांना, त्या त्या शिक्षकांना विचारून, मी मागं जाऊन बसायची. दर पाच मिनिटांनी एकदा त्याच्याकडं बघायचं. हातातलं काम चाललं असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. ३५ मिनिटांच्या तासात सात खुणा. माझ्या गणिताच्या तासाला विज्ञानाचे सर बसले. ते काम त्यांनी आनंदानं केलं नाही, पण केलं. मुलाला सांगितलं नव्हतं. कुणावर असं लपून लक्ष ठेवणं मला आवडत नाही, पण सांगितलं असतं तर दोन आठवडे आम्हाला वेगळाच मुलगा दिसला असता.

दोन आठवड्यांनी वही उघडली तर ‘वर्गात लक्ष नाही’ हे वाक्यच टिकेना. प्रयोगशाळेत सातपैकी सहा खुणा. हिंदीला पाच. भूगोलाचे आकडे मात्र बुचकळ्यात टाकणारे होते. दुसऱ्या तासाला भूगोल असेल त्या दिवशी पाच, सातव्या तासाला असेल त्या दिवशी दोन. बाई त्याच, पुस्तक तेच, मुलगाही तोच. मोठ्या सुट्टीनंतरचे तास बघितले तर विषय कुठलाही असो, सहाव्या तासापासून खुणा घसरत गेलेल्या.

गणिताचं चित्र याहून निराळं होतं. तो तास तिसरा, म्हणजे सुट्टीच्या आधीचा. तिथं सरासरी तीन खुणा, आणि त्या तिन्ही सुरुवातीच्या. पहिली दहा-बारा मिनिटं मुलगा हजर असायचा आणि मग दिवा विझावा तसा जायचा. विज्ञानाच्या सरांनी एका दिवसाच्या खुणांशेजारी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं : ‘कंस सोडवायला घेतला आणि गेला.’

आमच्या एका सहकाऱ्यानं याच वेळी विचारलं, हे अतिचंचलतेचं, एडीएचडीचं तर नसेल ना? प्रश्न रास्त होता. पण त्या निदानासाठी लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात, निदान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि सहा महिने तरी टिकलेली असावी लागतात. प्राथमिकच्या बाईंना विचारलं, त्यांना तसलं काहीच आठवत नव्हतं. निदान करणं हे डॉक्टरांचं काम, पण आमच्या हातात जी वही होती ती ठरावीक वेळी आणि ठरावीक जागी तुटणारं लक्ष दाखवत होती. ही वाट आम्ही तूर्त बाजूला ठेवली. डोळे आणि कान मात्र तपासून घेतले. मागाच्या गावात कानाची शंका आधी घ्यावी लागते. दोन्ही ठीक निघाले.

मोठ्या सुट्टीनंतर

सुट्टीनंतरच्या घसरणीचं कारण सापडायला एक दुपार लागली, आणि ते इतकं साधं होतं की माझी मलाच लाज वाटली. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत असतो. नववीत पाऊल टाकलं की खिचडीच्या रांगेत उभं राहता येत नाही. आठ वर्षं ज्या मुलानं दुपारी गरम खिचडी खाल्ली, त्याला जूनपासून ती बंद झाली आणि तिच्या जागी काय आलं हे कुणी विचारलं नाही. आई सकाळी आठला कामावर जाते. जाण्याआधी पोरं चहा-भाकरी खातात. त्यानंतर त्याच्या पोटात पडायचं ते दोनच्या सुमारास दहा रुपयांचं भडंग. डबा का नेत नाहीस, विचारलं तर म्हणाला, ‘‘नववीतली पोरं कुणी आणत न्हाईत मॅडम.’’

यात आणखी एक धागा होता. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. ती जेवणानंतर घ्यायची असते. खिचडी खाऊन घेतली तेव्हा काही त्रास नव्हता. रिकाम्या पोटी घेतली की मळमळायचं, म्हणून हा ती खिशात घालून घरी न्यायचा आणि वाटेत टाकून द्यायचा. पालकांना सांगून रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ११.२ आलं. या वयाला १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, अर्थात सौम्य. भरती करावं असलं काही नाही, पण दुपारी चार वाजता डोकं जड व्हायला तेवढं पुरतं. पुढचे उपचार डॉक्टरांनी दिले. आईनं डबा सुरू केला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. डबा एकट्यानं खायची लाज होती, म्हणून मी वर्गात जाहीर केलं की सोमवारपासून मी सुट्टीत वर्गातच जेवणार, ज्याला बसायचं त्यानं बसावं. पहिल्या दिवशी चार पोरं आली, पंधरा दिवसांत अकरा झाली. अकरांपैकी किती जण जूनपासून उपाशी होते, ते मी मोजलं नाही.

वाट बघणं

गणिताचा गुंता एवढा सरळ नव्हता. एका सुट्टीत त्याला सहज विचारलं, ‘‘तास चालू असताना तू कुठं जातोस रे?’’

‘‘कुठं न्हाई. वाट बघतो.’’

‘‘कशाची?’’

‘‘तास संपायची.’’

मी त्याला पाटीवर एक उदाहरण दिलं : ७ − (३ − ५). त्यानं क्षणात उत्तर लिहिलं, −१. कंसाआधीचं वजा त्यानं फक्त तीनला लावलं होतं, पाचाचं वजा होतं तसंच खाली उतरवलं. ही चूक सातवीतली. आम्ही त्या वेळी वर्गात बहुपदींची वजाबाकी करत होतो. तिथं तर पहिल्याच पायरीला कंस सुटतो. म्हणजे माझ्या तासाला दहाव्या मिनिटाला त्याच्या पायाखालची पायरी निसटायची, आणि पुढची पंचवीस मिनिटं मी जे बोलायची ते त्याच्यासाठी परक्या भाषेतलं कीर्तन असायचं. लक्ष उडालं म्हणून समजेनासं झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. इथं आधी समजेनासं झालं होतं आणि लक्ष त्याच्यामागून गेलं होतं.

ही पायरी बसवायला रोज दहा मिनिटं, असे नऊ दिवस लागले. नियमानं उमजत नव्हतं, उधारीनं उमजलं. वजा दोन म्हणजे दुकानात दोन रुपयांची उधारी. ती उधारी काढून टाकली, म्हणजे दुकानदारानं माफ केली, तर तू दोन रुपयांनी वर आलास की खाली? ‘‘वर,’’ म्हणाला, आणि पाटीवरचं −१ पुसून ९ लिहिलं.

दुसरी गोष्ट मला त्याच्या वडिलांनी शिकवली. मी घरी गेले तेव्हा त्यांची रात्रपाळी सुरू व्हायची होती. म्हणाले, ‘‘मॅडम, ह्ये पोरगं डबा घेऊन कारखान्यात येतंय न्हवं, तवा नुसतं आवाजावरनं सांगतंय, पप्पा तुमचा तीन नंबर थांबला. मी बघायच्या आदी. मग शाळंत काय हुतंय ह्येला?’’

वडील चार माग सांभाळतात. मजुरी मीटरवर, म्हणून थांबलेला माग म्हणजे बुडालेले पैसे. चार मागांच्या त्या गदारोळात माणसाला आपसात बोलता येत नाही, ओरडावं लागतं. तरीही बाण्याचा, म्हणजे आडवा धागा संपून एक माग थांबला की मागवाल्याचा कान ताबडतोब तिकडं वळतो, कारण आपण कशासाठी कान देऊन उभे आहोत हे त्याला ठाऊक असतं. मुलालाही तिथं ते ठाऊक होतं. माझ्या वर्गात कशाकडं कान लावायचा हे त्याला माहीत नव्हतं. मग त्याच्यापुढं वाट बघण्यासारखी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे घंटा.

त्यानंतर मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज एक प्रश्न लिहायला लागले. त्या तासात कधीतरी त्याचं उत्तर येणार, कधी ते सांगायचं नाही. ‘आज एका ठिकाणी उत्तर शून्य येईल. का?’ असला काहीतरी. उत्तर आलं असं वाटेल त्यानं वहीच्या समासात चांदणी काढायची. हे फक्त त्याच्यासाठी नव्हतं, सगळ्या वर्गाला होतं. एकट्याला वेगळं काढायचं नाही, हे बाकाच्या प्रकरणात शिकले होते. तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटंही बदलली. कालचं आठवतंय का, असं विचारणं बंद केलं, कारण त्याला वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी वही मिटून कागदाच्या चिठ्ठीवर कालचं एक उदाहरण सोडवायचं. चिठ्ठीला गुण नाहीत. कोण कुठल्या पायरीवर अडकलंय, तेवढं मला आधीच कळतं.

घरचे दोन तास

‘‘त्ये बसतंय की ओ,’’ आई म्हणाली. ‘‘सातला बसलं की नऊपतोर उठत न्हाई. पर डोस्क्यात काय ऱ्हात न्हाई.’’

बसणं खरं होतं. एक खोली, वर पोटमाळा, पोटमाळ्यावर ट्यूब, चटई आणि दप्तर. गरिबाघरच्या मानानं जागा चांगलीच. मागचा कारखाना अखंड वाजत असतो, त्याचा मात्र मुलाला काहीच त्रास नव्हता. आई हसून म्हणाली, वीज गेली आणि माग थांबले की उलट त्याला जाग येते. त्रास खालच्या टीव्हीचा होता. एकसारखा खडखडाट कान विसरून जातो, पण कळणारी भाषा ऐकू आली की वाचणाऱ्याच्या डोक्यातल्या शब्दांत ती घुसते. आजीच्या मालिकेतल्या सासूचं वाक्य आणि इतिहासाच्या पुस्तकातलं वाक्य एकाच दारातून आत यायला बघतात.

दोन तासांत तो करत काय होता, हे मी त्यालाच लिहून ठेवायला सांगितलं. निम्म्याहून अधिक वेळ गाईडमधली उत्तरं वहीत सुंदर अक्षरात उतरवण्यात जात होता. उरलेल्या वेळात धडा पुन्हा पुन्हा वाचणं. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढं गेले. गंमत म्हणजे परत वाचणाऱ्यांना आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री होती. आमच्या मुलाची ‘डोक्यात राहत नाही’ ही तक्रार नेमकी इथली होती. उतरवण्याला लक्ष लागतच नाही, हात आपोआप चालतो, आणि मग मन मोकळं फिरतं.

म्हणून घरी ‘दोन तास बस’ हा हुकूम रद्द केला. त्याऐवजी कामाचं माप ठरवलं : तीन उदाहरणं, किंवा एक धडा वाचून पुस्तक मिटून पाच ओळी. झालं की उठायचं, मग वीस मिनिटं होवोत की पन्नास. सुरुवातीला आईला हे पटेना. पोरगं लवकर उठलं म्हणजे अभ्यास कमी झाला, हा हिशेब घराघरांत पक्का आहे. कुणीतरी तिला ‘पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती’ हेही सांगितलं होतं. तेही करून बघितलं. गणितात पंचवीस मिनिटं त्याला जड गेली, पंधरा पेलली. तसा पंचवीस या आकड्यात काही मंत्र नाही. फ्रान्चेस्को चिरिलो नावाचा इटालियन विद्यार्थी १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यासाला बसायचा, तिथून ती पद्धत आली.

राहिला फोन. इथं दोष घरचा कमी आणि आमचा जास्त होता. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा गृहपाठ व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायला लागलो. शाळा उघडल्या तरी सवय तशीच राहिली, कारण ती आम्हाला सोयीची होती. घरात एकच स्मार्टफोन, वडिलांचा. दिवसपाळीच्या आठवड्यात तो रात्री साडेआठला घरात येतो, रात्रपाळीच्या आठवड्यात सहा ते साडेसातच्या दरम्यान तासभर मिळतो आणि वडिलांबरोबर निघून जातो. म्हणजे मुलाचा अभ्यास फोन कधी मिळतो यावर सुरू व्हायचा, आणि गृहपाठ बघायला उघडलेला फोन गृहपाठावर थांबत नाही. टेक्सास विद्यापीठाच्या ॲड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं होतं की फोन नुसता टेबलावर पालथा पडलेला असला तरी, दुसऱ्या खोलीत ठेवल्यापेक्षा लोकांची डोक्याची कामं कमी चांगली होतात. पुढं इतरांनी केलेल्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक निघाला नाही, म्हणून मी त्यावर फार भर देणार नाही. आमच्या बाबतीत प्रश्न त्याहून ढोबळ होता. फोनपासून लांब राहा असं एका तोंडानं सांगायचं आणि गृहपाठ फोनवरच टाकायचा, हे आम्ही शिक्षक करत होतो.

मी गृहपाठ पुन्हा फळ्यावर लिहायला लागले, तासाच्या शेवटच्या चार मिनिटांत, आणि तो डायरीत उतरला की नाही ते बघून. पाचपैकी दोन शिक्षक माझ्याबरोबर आले. बाकीच्यांचं म्हणणं, गटावर टाकलं की ‘पालकांना कळवलं’ याचा पुरावा राहतो. तेही खोटं नाही.

टीव्हीचा तोडगा वडिलांनीच काढला. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावानं २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुरू केलेली गोष्ट त्यांच्या कानावर होती. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की गावभर टीव्ही आणि फोन बंद, साडेआठला दुसरा भोंगा वाजेपर्यंत. ‘‘आपल्या घरात आपण भोंगा लावूया,’’ म्हणाले. आजीशी वाटाघाटी झाल्या. मालिका साडेसातची, तेव्हा साडेसहा ते साडेसात बंद. आजीनं शब्द पाळला. पण शेजारच्या दोन्ही घरांतले टीव्ही भिंतीतून येत राहिले. वडगावला भोंग्याची ताकद ग्रामसभेची आहे, सगळं गाव एकदम थांबतं. एका घरानं एकट्यानं थांबून फार तर शेजाऱ्याचा आवाज जास्त स्पष्ट ऐकू येतो. तीन आठवड्यांनी तो बेत गळाला.

त्याच्या जागी शाळेतच एक वर्ग संध्याकाळी सव्वासहापर्यंत उघडा ठेवला. अभ्यासिका म्हणण्याइतकं त्यात काही नाही. पंखा, दिवा, फळा, आणि कुणीतरी एक शिक्षक आपल्या वह्या तपासत बसलेला. शिपाई दादांचा कुलपाचा प्रश्न होता, तो मुख्याध्यापकांनी सोडवला. सहा पोरं थांबायला लागली, त्यात हा.

वर्षाअखेर

फेब्रुवारीत पुन्हा दोन आठवडे वही घातली. गणितात सातपैकी सरासरी पाच खुणा, त्याही तासभर पसरलेल्या. सातव्या तासाच्या भूगोलात चार. दुसऱ्या घटक चाचणीत गणितात २० पैकी ११. वार्षिक परीक्षेत तो सगळ्या विषयांत पास झाला. पहिला आला वगैरे काही नाही. यातलं किती डब्याचं, किती त्या सुटलेल्या कंसाचं आणि किती शाळेत थांबण्याचं, हे मला वेगळं काढता येत नाही. सगळं एकाच वर्षात एकावर एक केलं. शास्त्रशुद्ध प्रयोग करायचा असता तर एकेक बदलून बघायला हवं होतं, पण मुलाचं वर्ष प्रयोगासाठी थांबत नाही.

एक गोष्ट अजिबात सुटली नाही. वडिलांच्या दिवसपाळीच्या आठवड्यात फोन रात्रभर घरात असतो. सगळे झोपले की पोटमाळ्यावर रील्स सुरू. या वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी. त्या आठवड्यांत त्याला सहा मिळत असावेत, तेही पाण्याची पाळी पहाटे नसेल तर. फेब्रुवारीच्या वहीत ते आठवडे न सांगता ओळखू येतात. पहिल्याच तासाला फुल्या. वडिलांशी बोलले, ते म्हणाले, फोन उशाला घेऊन झोपतो. मुलगा म्हणाला, पप्पांची झोप गाढ आहे.

जूनमध्ये तो दहावीत गेला, दुसऱ्या तुकडीत, दुसऱ्या शिक्षकांकडं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या वडिलांचा मला फोन आला. मागचे माग वाजत होते, म्हणून ते ओरडूनच बोलत होते. ‘‘मॅडम, दहावीचा नवा ग्रुप झालाय. गृहपाठ त्येच्यावर येतोय. फळ्यावर लिवायचं बंद झालं का ओ?’’